भोसरीहून आणलेली बैठक

मुकुंद आणि मीनू,

तुमच्या आईने पत्रात विचारले आहे की, आयुष्यात कधी एकटी न फिरलेली आजी ऐन नवरात्रात घर सोडून पुण्यापलीकडच्या कारखान्यांच्या गावी काय करायला गेली होती. तुम्ही तो भाग पाहिलेला नाही, म्हणून क्रमाने लिहिते. आधीच सांगून ठेवते, ही हकिगत संडासाची आहे. आजोबांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिही, पण स्वच्छ अक्षरात लिही." नाक मुरडून झाले असेल तर पुढे वाचा.

आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन चौदा महिने झाले. डावा हात लुळा आहे, डावा पाय ओढत चालतात. काठी घेऊन ओटीपर्यंत येतात, वर्तमानपत्र वाचतात, माझ्या आमटीला नावे ठेवतात. एकच गोष्ट जमत नाही: उकिडवे बसणे आणि बसून उठणे. रत्नागिरीचा आपला संडास परसात, जमिनीलगतचा. चौदा महिने मी त्यांच्याबरोबर आत जात होते. समोर उभी राहून त्यांचे दोन्ही हात धरायचे, खाली बसवायचे, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मग ओढून उठवायचे. त्यांचे वजन पासष्ट किलो, माझे एकेचाळीस. माझ्या कमरेचे काय झाले ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी भोक पाडलेली खुर्ची आणि खाली बादली असे सुचवले. आणली. "साठ वर्षांची सवय आहे, उंचावर बसून होत नाही," म्हणून तिसऱ्या दिवशी परत गेली. तुमचे बाबा लिहितात की चोवीस तासांचा माणूस ठेवा. आजोबा म्हणतात, परक्या माणसासमोर नाही. मग त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. पाणी पिणे सोडले. जेवण निम्मे केले. म्हणजे मला कमी वेळा उठवावे लागेल. दोनदा लघवीचा त्रास होऊन ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावले की असेच चालले तर मूत्रपिंडे जातील. त्यांनी वाळत जायचे किंवा मी मोडायचे. आधी कोण, एवढाच प्रश्न उरला होता.

उपाय मला समोरच्या बँकेतल्या कारकुनाने दाखवला, त्याच्या नकळत. तो रोज आमच्या दगडी गडग्याजवळ स्कूटर लावतो. माणूस उतरला की स्कूटरचा मागचा भाग हलकेच वर येतो. महिनाभर पाहिले आणि एके दिवशी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढले: संडासावर ठेवायची एक चौकट, मध्ये लांबट भोकाचा पाट, पाटाखाली स्कूटरच्या स्प्रिंगा. बसले की पाट दबत दबत खाली जावा, खाली गेला की खटक्यात अडकावा. खटका दाबला की स्प्रिंगांनी माणसाला वर आणावे. खटका समोर उजवीकडे, कारण उजवा हात चांगला. ते चित्र मी चिंचवडला माझ्या भाचीला, सुधाला पाठवले. तिचे यजमान माधवराव पिंपरीच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांचे आराखडे काढणारे, आहेत. त्यांनी त्यावरून मापाचे ड्रॉइंग काढून भोसरीच्या एका कारागिराला दिले आणि दोन महिन्यांनी उत्तर आले: "वस्तू तयार आहे. येऊन पाहून न्या."

आजोबांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, यांना चार दिवसांची रजा मिळाली. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत मला परत यायचे होते.

चिंचवड, सप्तमी

एसटीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. घाटात मला उलटी झाली, एवढेच.

सुधाच्या घरी घड्याळ आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाही. कंपनीचा भोंगा होतो आणि त्याप्रमाणे अख्खी चाळ जेवते, झोपते, भांडते. शेजारचा पहिल्या पाळीचा, वरचा दुसऱ्या पाळीचा, त्यामुळे जिन्यात कोणाच्या तरी फोडणीचा वास कायम असतो. आपल्याकडे दुपारी एक ते चार कुत्रेसुद्धा भुंकत नाही. मी सुधाला विचारले, "तुम्ही निवांत कधी असता?"

"रविवारी, मावशी. पण इथे वीज वाचवायला प्रत्येक भागाची सुट्टी निराळ्या वारी. आमचा रविवार गुरुवारी येतो."

संडास घरातच, स्वयंपाकघराला लागून, पांढऱ्या फरशीचा, साखळी ओढली की पाणी. रात्रीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी होती आणि भाजीत इतका कांदा की भाजी कशाची ते विचारावे लागले. नारळ नाही. मी निमूट जेवले. दमले होते.

भोसरी, अष्टमी

माधवराव मला स्कूटरवर बसवून नेणार होते. मी रिक्षा मागितली.

भोसरीत शेते आणि पत्र्याच्या शेड एकमेकांत मिसळल्या आहेत. एका बाजूला बाजरीची कणसे, दुसऱ्या बाजूला लोखंडाच्या किसाचे ढीग. बैठक तयार करणारा किसन मूळचा चाकणजवळच्या महाळुंग्याचा. दहाबारा वर्षे एका मोठ्या कंपनीत टूलरूमला काम करून आता स्वतःची शेड काढली आहे: एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंगचे यंत्र. त्या दिवशी भोसरीची वीज बंद होती, म्हणून शेडमध्ये देवळासारखे गार आणि शांत होते.

त्याने पोते बाजूला केले. बैठक यंत्रांना लावतात त्या हिरव्या रंगाने रंगवलेली. चार नळ्यांत पाट वरखाली होतो, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पुढच्या बाजूला त्याने पांढऱ्या रंगाने बाण काढून 'पुढे' असे लिहिलेही होते. इतके नीटनेटके काम की माझे चित्र मला गबाळे वाटले.

"बसून बघा, आजी. रंग वाळलाय."

मी पिशवीतून पंचा काढला आणि माधवरावांना म्हटले, "माझा डावा हात अंगाशी बांधा. ह्यांना जे जमत नाही ते मलाही जमायला नको. नाहीतर पाहून उपयोग काय?"

त्यांनी बांधला. डाव्या पायावर भार न टाकता मी बसले. पाट जागचा हलला नाही.

"वजन किती तुमचं?" किसनने विचारले.

"एकेचाळीस."

"तरीच. मी आजोबांच्या पासष्टला धरून स्प्रिंगा लावल्यात." त्याने लोखंडाचे दोन गोल ठोकळे फडक्याने पुसले, माझ्या मांडीवर वर्तमानपत्र पसरले आणि ते वर ठेवले. "धरा एका हातानं."

पाट सावकाश खाली गेला. गुडघे अगदी उकिडवे बसल्यासारखे वर आले आणि खाली 'खट्' झाले. मला इतके बरे वाटले की डोळ्यांत पाणी आले. मी उजवा हात पुढे केला. दांडा होता. खटका नव्हता.

"खटका कुठे आहे?"

"ह्यो काय, आजी. डावीकडं."

"डावा हात मी बांधून घेतला आहे, किसन."

माधवरावांनी वाकून खटका पाहिला. मग माधवराव म्हणाले, "अरे, मी उजवीकडे दाखवलाय!"

"साहेब, तुमच्या ड्रॉइंगला डावीकडंच हाय. बघा की."

दोघे कागदावर वाकले. मी मांडीवर लोखंड घेऊन खालीच.

घोटाळा काय झाला ते मला पुढे समजावून सांगितले, तुम्हाला सोपे करून सांगते. एखादी वस्तू कागदावर काढताना ती समोरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, अशी निरनिराळी चित्रे काढतात. डाव्या बाजूने दिसणारे चित्र कागदावर उजवीकडे काढायचे, ही एक रीत. डावीकडेच काढायचे, ही दुसरी. माधवरावांच्या कंपनीत पहिली चालते, किसन जिथे शिकला तिथे दुसरी. एका रीतीचा कागद दुसऱ्या रीतीने वाचला की वस्तू आरशातल्यासारखी उलटी तयार होते. हे टाळायला कागदाच्या कोपऱ्यात एक लहान चिन्ह असते.

"चिन्ह कुठंय, राव?" किसन चिडून म्हणाला. साहेब म्हणायचे तो विसरला.

"कंपनीच्या कागदावर ते छापूनच येतं. हा घरचा कोरा कागद. घरचं काम, म्हणून..." माधवरावांचे तोंड उतरले. "वीस वर्षं हेच करतोय, मावशी. नवीन पोरांना हीच चूक केली म्हणून मी ओरडतो."

"ते असू दे. मला आधी उठवा."

किसनने लगबगीने मांडीवरचे ठोकळे काढून घेतले आणि त्याच क्षणी माधवरावांनी खटका दाबला. पासष्ट किलोच्या स्प्रिंगा आणि वर फक्त एकेचाळीस. मी उठले नाही, उडाले. समोर पोत्यांची चळत होती म्हणून वाचले. कोपराचे साल गेले, चष्मा लेथखाली गेला.

"आजी! लागलं का?"

"निदान उचलते तरी," मी म्हणाले. दुसरे काही सुचले नाही.

खटका कापून पलीकडे जोडायचा, चार छिद्रे पाडायची. दोन तासांचे काम. पण आज वीज नाही.

"मग उद्या?" मी विचारले.

किसनने मान खाली घातली. "उद्या खंडेनवमी, आजी. एकदा हत्यार पुजलं की त्याला हात न्हाई लावायचा. परवा दसरा."

"आणि परवा मला रत्नागिरीत असायला हवे."

मी त्याला आग्रह केला नाही. आपल्याकडेही दसऱ्याला पुस्तके पुजली की तुमचे बाबा लहानपणी किती आनंदाने अभ्यास टाळत, ते मला आठवत होते. मी म्हटले, आहे तशी बांधून द्या, रत्नागिरीत कोणी लोहार पाहीन.

"तशी न्हाई द्यायचा," किसन म्हणाला. "तुम्हाला जसं फेकलं तसं आजोबांना फेकलं तर? तेवढ्या वजनाचं माणूस बसवून बघितल्याबिगर ही शेडच्या भाईर जात न्हाई. उद्या आमच्या घरी चला. आमची आई चांगली भरीव हाय, आन् गुडघेबी गेल्यात तिचे. ती बसली म्हंजे कळंल."

परतताना रिक्षात मी बाहेर तोंड करून बसले. माधवरावांना वाटले मी रागावले आहे. मी फक्त उद्याची, परवाची आणि त्यानंतरच्या रोजची सकाळ मोजत होते.

महाळुंगे, खंडेनवमी

सकाळी शेडमध्ये पूजा झाली. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला हळदकुंकू, पान्हे आणि हातोड्या पाटावर ओळीने मांडलेल्या. किसनने माधवरावांच्या त्या कागदालाही कुंकू लावले. "त्येचा काय दोष," म्हणाला. मग बैठक टेम्पोत चढवली आणि आम्ही निघालो.

चाकणच्या बाजाराजवळ कांद्याच्या वासाने डोळे चुरचुरले. पुढे कारखाने संपले. काढणीला आलेली बाजरी, दूर निळसर डोंगर, बांधावर बसलेली माणसे. आपल्याकडच्यासारखी दाट हिरवाई नाही, पण आभाळ खूप मोठे.

किसनची आई हौसाबाई अंगणात चुलीपाशी होत्या. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत उठल्या आणि बैठकीभोवती एक फेरी मारली.

"ह्ये काय हाय रं? मोटंचं चाक हाय का देवाचा पाळणा?"

किसनने सांगितले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आन् सकाळच्या पारी ह्ये डोस्क्यावर घिऊन शेतात जायाचं व्हय मी? लोकं म्हंतील, हौसाबाय पंगतीला चालली, पाट घिऊन!"

सगळे हसले. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. मग मी त्यांना आजोबांचे सगळे सांगितले. पाणी पीत नाहीत तेही. त्यांचे हसू थांबले.

"माणूस लाजंनं मरतंय बघा," त्या म्हणाल्या. "आण रं हिकडं. बसते."

किसन म्हणत होता, "आये, बाण बघ, बाणाकडं तोंड कर," पण बाणाच्या बाजूला गोठा होता आणि चुलीवर पिठले रटरटत होते. हौसाबाई मागून आल्या, चुलीकडे तोंड केले आणि टेकल्या.

"आये, उलटी बसलीस!"

"बसू दे रं. पिठलं लागंल तिकडं, माझं ध्यान हाय त्येच्यावर."

पाट दबत खाली गेला. 'खट्.' हौसाबाई उकिडव्या बसून चुलीतले लाकूड मागे ओढू लागल्या, जणू रोजच असे बसतात. "बरं हाय की," म्हणाल्या. आता कसे उठायचे ते किसन सांगणार, एवढ्यात त्यांनी सवयीने उजवा हात कमरेमागे टेकला. जमिनीवरून उठताना आपण टेकतो तसाच. हाताखाली खटका आला. पाट सावकाश वर आला, हिसका नाही, धक्का नाही, आणि त्या उभ्या राहिल्या.

"आगं बया! कुनी उचललं मला?"

माधवराव बैठकीकडे पाहत राहिले. किसन तिच्या मागच्या बाजूला गेला.

"साहेब, खटका उजवीकडं आला."

"आणि मागे," माधवराव म्हणाले. "मागे आलाय."

बैठक दोन्ही बाजूंनी सारखीच. उलट फिरवली की पुढचे डावे ते मागचे उजवे होते. दोन शिकलेल्या माणसांनी आणि माझ्यासारख्या इंग्रजी चौथीपर्यंत भूमिती केलेल्या बाईने काल ती चारी बाजूंनी पाहिली होती. फिरवून पाहावी असे कोणालाच सुचले नव्हते. बाण काढलेला होता ना.

माझ्या मनात मात्र दुसरेच चालले होते. लुळ्या अंगाच्या माणसाने समोर वाकून खटका दाबला असता तर तो तोंडावर आपटला असता. कोणी उलटसुलट वाचले नसते, माझ्या चित्राबरहुकूम वस्तू तयार झाली असती, तरी ती चुकीचीच होती. मी खटका समोर का काढला? कारण चौदा महिने समोर मी उभी होते. माझा हात जिथे असायचा तिथे मी खटका काढला. माणूस एकटा असला तर हात कुठे टेकेल, हा विचारच मी केला नव्हता.

हौसाबाईंना आम्ही आणखी पाच वेळा बसवले. सहाव्या वेळी त्या म्हणाल्या, "आता पुरं. मी काय मळणीचा बैल हाय?" मग किसनला म्हणाल्या, "मला असंच एक कर, बिनभोकाचं. चुलीम्होरं बसाया."

'पुढे' हा शब्द पुसायचा होता. कुंचला हे हत्यार आहे की नाही, यावर मायलेकरांचा वाद झाला. हौसाबाईंच्या मते होते. शेवटी रॉकेलच्या फडक्याने बाण पुसला आणि दुसऱ्या बाजूला मी खडूने खूण केली. खडूवर कोणाचा आक्षेप नव्हता.

जेवायला त्यांच्याकडे नवमीचे मटण होते. माझ्यासमोर पिठले, भाकरी आणि ठेचलेला कांदा आला. "तुमच्यासाठी भांडं येगळं काढलंय," हौसाबाई हळूच म्हणाल्या. "कालवणाची पळी न्हाई लागू दिली त्येला." मी दीड भाकरी खाल्ली. घरी अर्धी खाते.

परत

दसऱ्याला पहाटेच्या एसटीच्या टपावर बैठक दोरखंडाने बांधली. कंडक्टरने विचारले, "काय आहे हे, आजी? झोपाळा?" मी हो म्हटले. भर स्टँडवर खरे सांगायची ताकद नव्हती.

संध्याकाळी घरी पोचले. भाऊजींचे डोळे खोल गेले होते, चार दिवसांतच. त्यांनी मला नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले.

ते निघण्याआधी आम्ही दोघांनी बैठक परसात नेऊन जागेवर ठेवली होती. मी ती हलवून पाहिली, आजोबांना खटका दाखवला. त्यांनी काठीने ती दोनदा ठोकली.

"हिरवा रंग कोणी निवडला?"

"किसनने. यंत्रांना लावतात तो."

"हं." मग म्हणाले, "तू बाहेर थांब."

मी बाहेर आले. दार लोटले गेले. मग आतून कडी चढल्याचा आवाज आला. चौदा महिन्यांत तो आवाज झाला नव्हता. मी दाराबाहेरच्या धोंड्यावर बसले आणि भिंतीला पाठ टेकली. हाक मारायची नाही, असे स्वतःला बजावले. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग 'खट्.' ते बसले. पुढचा आवाज कधी येतो म्हणून मी कान देऊन राहिले. ऊन पायांवर आले होते, चार दिवसांचा प्रवास अंगात होता, आणि त्याच्याखाली चौदा महिने.

कोणीतरी पायाला काठीचे टोक लावले, तेव्हा मी जागी झाले. दार उघडे होते. आजोबा धोतर नीट करून, हात ओले, माझ्यासमोर उभे होते.

"अगं, ऊठ. वाट अडवून झोपलीयस."

त्यांनी काठी दाराला टेकवून उजवा हात माझ्याकडे पुढे केला. मी तो धरला नाही, दोघेही पडलो असतो. भिंत धरून माझी मीच उठले.